काचेतलं अस्वल

ऊन तिरपं झालं की आमच्या दुकानातलं अस्वल आपोआप गुरकावायचं. जळगावात मेहरूणकडे जाणाऱ्या रस्त्यावर नानांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं, तोंड मावळतीला. दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहत होतो. नाना म्हणजे माझे वडील, आई, मी आणि माझी धाकटी बहीण बेबी. आई चुलीपुढे बसून कळण्याची भाकरी थापत असायची आणि पलीकडून ते गुरकावणं सुरू झालं की ओरडायची, "अगं, पडदा लाव, तुन्हा नानानं जनावर उठनं!" मग मी हातातलं पुस्तक टाकून पळायची आणि गोणपाटाचा पडदा ओढून घ्यायची. अंधार झाला की अस्वल गप्प.

रिवाइंडिंगच्या दुकानात अस्वल कुठून आलं, हे सांगितलं पाहिजे. भुसावळला रेल्वेवाल्यांचा एक जुना क्लब होता, तिथले पंखे दुरुस्त करायला नाना जायचे. साहेब लोक कधीच निघून गेले होते. त्यांच्या मागे राहिलेलं सामान एका खोलीत धूळ खात पडलं होतं आणि ते भंगारात निघालं तेव्हा नानांनी हे उचललं. माणसाच्या उंचीचं लाकडी कपाट, पुढे काच, काचेमागे रंगवलेलं जंगल आणि त्या जंगलात रुळावर इकडून तिकडे चालणारं एक तपकिरी अस्वल. अंगावर मखमलीसारखं केसाळ कापड, तेही कोपऱ्याकोपऱ्यांतून झडलेलं. समोर काही पावलांवर एक खांब आणि खांबाला जाड वायरने बांधलेली बंदूक. बंदुकीतून गोळी नव्हे, प्रकाशाची तिरीप निघायची. अस्वलाच्या पोटावर आणि दोन्ही कुशींवर नाण्याएवढे काचेचे डोळे होते. त्यातल्या एकावर तिरीप पडली की अस्वल थबकायचं, मागच्या पायांवर उभं राहायचं, गुरकावायचं आणि तोंड फिरवून उलट दिशेने चालू लागायचं. आता सूर्याला काय कळतंय बंदूक कोणती आणि आपण कोण. संध्याकाळची किरणं दुकानात शिरली की अस्वलाला वाटायचं, कोणीतरी नेम धरला.

केळीच्या रिकाम्या ट्रकवर टाकून ते धूड नानांनी घरी आणलं तेव्हा आईने कपाळाला हात लावला होता. अख्खा उन्हाळा नाना त्याच्या पोटात डोकं घालून बसलेले. विहिरीवरच्या जळक्या मोटरी एका बाजूला पडून राहिल्या आणि नाना जुन्या रेडिओचे व्हॉल्व्ह शोधत बाजार पालथा घालत राहिले. ज्या दिवशी अस्वल पहिल्यांदा उभं राहिलं, त्या दिवशी नाना लहान मुलासारखे हसले. त्यांना तसं हसताना मी फार वेळा पाहिलेलं नाही. तारा गुंडाळायच्या, व्हार्निश लावायचं, भट्टीत सुकवायचं, हे त्यांचं सगळं काम दुसऱ्याच्या नडीचं होतं. कोणाची केळी सुकतायत, कोणाची गिरणी बंद आहे. केवळ गंमत म्हणून नीट केलेली ही एकच वस्तू त्यांच्या आयुष्यात होती, असं मला आता वाटतं. आता मी धुळ्याला राहते, तिथे घराजवळ एक रिवाइंडिंगवाला आहे. त्याच्या दुकानावरून जाताना व्हार्निशचा वास आला की माझे पाय आजही मंदावतात.

रावेर-यावलकडचे शेतकरी जळकी मोटर घेऊन यायचे आणि ती होईपर्यंत बंदूक हातात घ्यायचे. चार आण्यांत अस्वल हवं तितकं नाचवा. एक तडवी म्हातारबुवा सातपुड्याच्या पायथ्याहून यायचे. त्यांनी पहिल्यांदा ते अस्वल पाहिलं तेव्हा काचेला नाक लावून बराच वेळ निरखलं आणि म्हणाले, "हे आपल्याकडचं नाही. आपलं अस्वल इतकं सरळ चालत नाही, ते दारू प्यायल्यासारखं चालतं." नानांना हे इतकं आवडलं, की पुढे ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे, विलायती आहे, शिस्तीत चालतं.

नाना शिस्तीचे होते. आमच्या घराण्यात आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा घरातले देवांचे टाक गिरणा नदीत सोडून दिले होते. नाना तेव्हा लहान होते, पण त्यांना एकच गोष्ट लख्ख आठवायची, आणि ती दीक्षेच्या आधीची होती. त्यांच्या धाकट्या भावाला ताप चढला होता आणि भगत बोलावला गेला. भगताने लिंबू कापलं, अंगारा लावला, दोरा बांधला. दवाखान्यात नेलं तोवर उशीर झाला होता. त्या भावाचं नाव नाना कधी घेत नसत, नुसतं "मना भाऊ", माझा भाऊ, एवढंच म्हणत. आमच्या घरात काळा दोरा, ताईत, गंडा, दृष्ट काढणं, काहीही चालत नसे. पौर्णिमेला विहारात वंदना झाली की लोक नानांनाच बोलायला उभं करायचे. नाना फार शिकलेले नव्हते, पण बोलायला लागले की बायकासुद्धा पोरांना गप्प करून ऐकायच्या. मी पुढच्या रांगेत ताठ बसायची, कारण ते माझे नाना होते.

आणि अशा घरात बेबीला भीती लागली. पोळ्याच्या दिवशी आमच्या गल्लीत एक बैल उधळला. बेबी ओट्यापाशी खेळत होती. बैल तिला लागला नाही, तिच्या अंगावरून वारा जावा तसा भिंतीला घासून निघून गेला. पण त्या दिवसापासून पोर वेगळीच झाली. झोपेत दचकायची, भांडं पडलं तरी आईच्या पदरात घुसायची. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं म्हटलं की अंग आखडून घ्यायची. तिला नुकतंच शाळेत घातलं होतं. नाना उचलून नेऊन सोडायचे, आणि ते वळले की ही दारात बसून असा टाहो फोडायची, की सगळा वर्ग थांबायचा. बाई भल्या होत्या, त्यांनी बरेच दिवस सोसलं. शेवटी त्यांनी निरोप पाठवला, की संक्रांतीपर्यंत मुलगी बसायला लागली नाही तर यंदा नाव काढून घ्या, पुढच्या वर्षी बघू. पुढचं वर्ष म्हणजे काय ते आम्हाला ठाऊक होतं. आमच्या वस्तीत ज्या मुलीचं नाव एकदा शाळेतून निघालं, ती पुन्हा पाटी घेऊन जाताना कोणी पाहिली नव्हती. आईचंही तसंच झालं होतं.

नानांनी बेबीला डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टरांनी टॉनिक दिलं आणि सांगितलं, वेळ जाऊ द्या. टॉनिक गोड होतं, ते थोडंथोडं मीही प्यायची. भीती काही गेली नाही.

इकडे दुकानात वेगळंच सुरू झालं. पूर्वी दरवेशी अस्वल घेऊन गल्लीत यायचे. दचकणाऱ्या पोराला त्याच्या पाठीवर बसवायचं, एक फेरी मारायची, अस्वलाचे चार केस ताईतात घालायचे, की भीती जाते, असं सगळे मानायचे. मग ते दरवेशी येईनासे झाले. भीती मात्र पोरांना लागतच होती. एके दिवशी शेजारच्या ताराक्का नातवाला कडेवर घेऊन दुकानात येऊन उभ्या राहिल्या.

"भाऊ, या पोरले जरासं अस्वलवर बसाडी देशात का? रातदिन दचकस."

नानांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांनी हातातली पक्कड खाली ठेवली, कपाटाचं मागचं फळकूट काढलं आणि अक्कांना पुढे बोलावलं. "अक्का, हाई पत्रानं शे. देखा, पोटमा मोटर शे, बल्ब शे, बठ्ठा तारच तार शे."

ताराक्कांनी वाकून सगळं नीट पाहिलं. अगदी मन लावून पाहिलं. मग कंबर सरळ करत म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या ना भाऊ. पोटमा काय शे ते माले काय करनं? बाहेरथीन ते अस्वलच शे ना!"

मी तोंडावर हात ठेवून हसले. नाना हसले नाहीत. त्यांनी अक्कांना घालवून दिलं, पण दुसऱ्या दिवशी आणखी दोघी आल्या, मग पलीकडच्या वस्तीतून कोणी, मग एरंडोलकडून एसटीने कोणी. नाना प्रत्येकीला कपाट उघडून दाखवायचे, मोटर दाखवायचे, वायरी दाखवायचे. त्या मान डोलवायच्या, आणि शेवटी पोराला पुढे करायच्याच. मला त्यांचा राग यायचा. राग मला तेव्हाही लवकर यायचा, आताही येतो. नानांचा चेहरा मात्र रागाचा नसायचा, थकल्यासारखा व्हायचा. त्या पौर्णिमेला विहारात ते याच विषयावर बोलले आणि फार सुंदर बोलले. म्हणाले, माझ्या हाताने मी ज्याचं पोट शिवलं, त्याला मी देव होऊ देणार नाही. पाठीमागे आई बसली होती, बेबी तिच्या मांडीवर पदराखाली. आईने टाळ्या वाजवल्या नाहीत, तिचे हात गुंतलेले होते.

आईने बरेच दिवस तोंड उघडलं नाही. संक्रांत तोंडावर आली तेव्हा एका सकाळी वांगी भाजता भाजता ती बोलली. भरताची वांगी काडीच्या जाळावर फुटत होती, घरभर धूर होता, आणि तिचे डोळे धुराने वाहतात की काय ते कळत नव्हतं.

"एक डाव बसाडी देखा ना. तुमनं काय जाई ऱ्हायनं?"

नाना भाकरीचा तुकडा मोडत होते. तो तसाच हातात राहिला. "मना भाऊ गया तवय बी लोके हाईच सांगेत. करी देखा, काय जास."

"तो ताप व्हता. हाई भेव शे."

"तेच सांगस मी. एकदाव बसाडं का मंग दोरा, ताईत, बठ्ठं सुरू व्हई जास."

आईने जाळ मागे ओढला. तिने वांगी सोलली, ठेचली, वर तेल घातलं आणि त्यांच्या ताटात वाढलं. मग एकदम म्हणाली, की तुमच्या माघारी मी तिला नेणार नाही, घोर करू नका. आईने शब्द दिला म्हणजे दिला. नाना तिच्याकडे पाहत राहिले. मला वाटतं, तिने भांडण केलं असतं तर त्यांना सोपं गेलं असतं.

त्यानंतरच्या एका संध्याकाळी आई वस्तीत कोणाच्या तरी बाळंतिणीकडे गेली होती. मी शाळेतून उशिरा आले. दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलेलं होतं. वेळी-अवेळी शटर ओढणं नानांच्या स्वभावात नव्हतं, म्हणून मी वाकून आत बघितलं. उन्हाची लांबच लांब पट्टी शटरखालून थेट आतपर्यंत गेली होती. गोणपाटाचा पडदा बाजूला सारलेला होता. कपाटाची काच काढून भिंतीला टेकवून ठेवली होती. आणि अस्वलावर बेबी बसली होती.

नाना माझ्याकडे पाठ करून उभे होते. दोन्ही हातांनी त्यांनी तिला काखेत धरलं होतं. उन्हाने अस्वल उठत होतं, गुरकावत होतं, तोंड फिरवत होतं, पुन्हा उठत होतं. नाना त्याच्याबरोबर एक पाऊल इकडे, एक पाऊल तिकडे करत होते. एरवी ते गुरकावणं मला विनोदी वाटायचं. त्या दिवशी नाही वाटलं. मी सरळ होऊन उभी राहिले, तशी माझी सावली त्या उन्हाच्या पट्टीत पडली आणि अस्वल मध्येच गप्प झालं. नानांनी वळून पाहिलं.

त्यांचा तो चेहरा मी अजून विसरलेले नाही. विहारात बोलणारा, पत्र्याचं पोट उघडून दाखवणारा माणूस तिथे नव्हताच. तिथे नुसता एक बाप होता, घामाने भिजलेला. त्यांनी बेबीला उतरवून खाली ठेवलं, तिचा फ्रॉक झटकला आणि माझ्याजवळ येऊन अगदी हळू म्हणाले, "तुनी मायले सांगजो नको."

मी सांगितलं नाही. सांगायची गरजही पडली नाही. रात्री जेवताना बेबीच्या फ्रॉकला दोन-चार तपकिरी केस चिकटलेले आईला दिसले. तिने ते चिमटीत धरून उचलले, दिव्याकडे धरून पाहिले आणि चुलीत टाकून दिले. नाना खाली मान घालून जेवत होते. आईने त्यांना न विचारता आणखी एक भाकरी वाढली. जिंकलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर जे दिसतं, त्यातलं तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं.

संक्रांत झाली आणि बेबी शाळेत बसू लागली. पहिल्या दिवशी नाना नेहमीप्रमाणे तिला उचलायला गेले, तर ती म्हणाली, मी चालते. माझं बोट धरून ती गेली. दारात तिचा हात माझ्या हातात गच्च आवळला गेला, मग सुटला. ती रडली नाही. झोपेतलं दचकणं पुढे कितीतरी दिवस चाललं, पण शाळा सुटली नाही ती सुटलीच नाही.

घरात आनंद व्हायला हवा होता. आई देवाचं नाव घेणारी असती तर तिने पेढे तरी वाटले असते. पण नानांकडे पाहून कोणीच काही बोलेना. पुढच्या पौर्णिमेला लोकांनी बोलायचा आग्रह केला, तेव्हा नाना म्हणाले, घसा बसला आहे. त्याच्या पुढच्या पौर्णिमेलाही घसा बसला होता. मग लोकांनी विचारणं सोडून दिलं. काहींना वाटलं, धंदा वाढला आणि शिष्ट झाले. ताराक्का नातवाला घेऊन पुन्हा आल्या, तेव्हा नानांनी कपाट उघडून दाखवलं नाही. "बिघडेल शे, अक्का," इतकंच म्हणाले. अस्वल ठणठणीत होतं. नानांच्या तोंडून मी ऐकलेलं ते पहिलं खोटं. थोड्याच दिवसांत त्यांनी ते धुळ्याच्या एका शेठजींना देऊन टाकलं. त्यांना हॉटेलात गिऱ्हाइकांच्या पोरांसाठी काहीतरी हवं होतं. हातगाडीवर चढवताना कपाटाला मावळतीचं ऊन लागलं, पण बॅटरी नाही की लाइन नाही, आवाज कुठून येणार.

नाना त्यानंतर पुष्कळ जगले. आम्हा दोघींना त्यांनी शिकवलं, मी शिक्षिका झाले, बेबी नर्स झाली. विहारात ते जायचे, मागे बसायचे, वंदना म्हणायचे. बोलायला मात्र कधी उभे राहिले नाहीत. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मला समजायचं, कारण मी तो चेहरा पाहिला होता. ज्याच्याशी जन्मभर झगडलो, त्याच्याच पाया पडून आपली मुलगी बरी झाली, असं त्यांनी धरलं होतं. अशा माणसाने कोणत्या तोंडाने लोकांना सांगायचं?

हे प्रकरण लिहायला घेतलं तेव्हा वाटलं, एकदा बेबीला विचारावं. इतक्या वर्षांत आम्ही दोघी त्या संध्याकाळबद्दल कधीच बोललो नव्हतो. ती आता निवृत्त झाली आहे, धुळ्यातच दोन गल्ल्या सोडून राहते. गेल्या रविवारी ती आली होती, शेवभाजीचा बेत होता, आणि ती विळीवर कांदा चिरत बसली होती. मी विचारलं, "तुला आठवतं का गं, नानांनी तुला अस्वलावर बसवलं होतं?"

"आठवतं की."

"मग खरंच गेली का भीती त्याने?"

ती हसायला लागली. "त्या अस्वलाची मला कधी भीती नव्हती गं. नाना त्याला दुरुस्त करायचे तेव्हा मी स्क्रू धरून बसायची. त्याच्या पोटातली मोटर कोणती ते मला माहीत होतं. त्यावर बसून काय होणार?"

"मग शाळेत कशी गेलीस?"

कांद्याची फोड विळीवर तशीच राहिली. "नानांनी मला धरलं होतं ना, त्यांचे हात इतके थरथरत होते," ती म्हणाली. "मी मान वर करून पाहिलं तर ओठही थरथरत होते. आपले नाना कोणाला भीत नाहीत, असंच मला वाटायचं. विजेच्या तारा हातात धरणारा माणूस. आणि ते असे माझ्यापायी घाबरलेले. मला वाटलं, मी जर शाळेत गेले नाही, तर हे असेच घाबरत राहतील. म्हणून गेले. भीती होतीच, पण जायची."

नाना मागच्या रांगेत बसायचे तो कोपरा, त्यांचा तो बसलेला घसा, सगळं एकदम अंगावर आलं. आणि मग राग आला, तिचा, माझा, कोणाचा कोण जाणे. मी जवळजवळ ओरडलेच, "अगं, हे तू त्यांना का नाही सांगितलंस? एकदा तरी! जन्मभर त्यांना वाटत राहिलं, की त्या पत्र्याच्या डब्याने तुला बरं केलं."

बेबी माझ्याकडे बघतच राहिली. तिला खरोखरच ठाऊक नव्हतं. डोळ्यांना पाणी आलं ते तिने मनगटाने पुसलं, आणि ते कांद्याचं नव्हतं.

"मला वाटलं," ती म्हणाली, "त्यांना माहीत असेल."